मला पचते, असं मी बारा वर्षं सांगत होतो

आमच्या ग्रुपमधे माझी ओळखच ती होती, याला दारू चढत नाही. बाकीचे दोन पेगात आडवे आणि मी क्वार्टर मारून सगळ्यांना गाडीने घरी सोडायचो, आता आठवलं की अंगावर काटा येतो. पण तेव्हा भूषण वाटायचं. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की धोक्याची पहिली खूण हीच, शरीराला सवय होते म्हणून तेवढ्याने काही होत नाही आणि मात्रा वाढत जाते, लिव्हरला मात्र पूर्ण हिशेब द्यावाच लागतो.

दुसरी गोष्ट श्रावण. बायको बोलली की मी म्हणायचो, बेवडा असतो तर महिनाभर सोडली असती का? गटारी झाली की खरंच बंद करायचो. पण रोज सकाळी कॅलेंडरवर पोळा किती दिवसांवर आलाय ते मोजायचो, ते कोणालाच दिसत नव्हतं.

मग लॉकडाऊन, वर्क फ्रॉम होम, संध्याकाळची दुपारवर आली आणि मग सकाळी उतारा म्हणून थोडी. बाटल्या माळ्यावर, जुन्या सूटकेसमधे.

२०२२ चा श्रावण नेहमीसारखाच सुरू केला. पहिल्याच दिवशी चहा बशीत ओतताना हात एवढा थरथरला की सगळा चहा पेपरवर, मुलगी बघत होती. रात्रभर घाम, झोप नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फिट आली. मला काहीच आठवत नाही, शुद्धीवर आलो तेव्हा जीभ चावलेली आणि हाताला सलाईन. रोज भरपूर पिणाऱ्याने घरात अशी एकदम बंद केली तर जीवावर बेतू शकतं, हे मला माहीतच नव्हतं. अॅडमिट होऊन गोळ्यांवर हळूहळू सोडवतात, बी वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात.

तिथे डॉक्टरांनी चार साधे प्रश्न विचारले. कमी करावी असं कधी वाटलं का, कोणी टोकलं की राग येतो का, पिण्याबद्दल अपराधी वाटतं का, सकाळी उठल्या उठल्या लागते का. दोन हो आले तरी गंभीर समजतात म्हणे. माझे चारही हो. रागाच्या प्रश्नाला मी गप्प बसलो तर बायको हळूच म्हणाली, हो.

पुढे महिनाभर व्यसनमुक्ती केंद्र, मग दर रविवारी एए ची (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) मीटिंग. मधे एकदा घसरलो पण, चार महिन्यांनी, एका लग्नात. लपवलं नाही, त्याच रात्री मीटिंगमधल्या एका काकांना फोन केला, ते रिक्षाने घरी आले आणि पहाटेपर्यंत बसले. त्यानंतर आजपर्यंत नाही.

गेल्या महिन्यात मावसभाऊ म्हणाला, दादा मला ना चढतच नाही. मी त्याला गच्चीवर नेऊन विचारलं, सकाळी हात थरथरतो का रे? बराच वेळ काही बोलला नाही, मग दोन्ही हात खिशात घातले. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर त्याच्या मोबाईलमधे सेव्ह करून दिलाय, फुकट आहे, मराठीत बोलतात. रविवारी माझ्याबरोबर येतो म्हणालाय.