रॉबिन्सनच्या नावाचं मैदान

रविवार, रात्री उशिरा

भाच्याने आज शेवटी जॅकी रॉबिन्सन या गाजलेल्या कृष्णवर्णीय बेसबॉलपटूच्या नावाच्या स्टेडियमवर नेलंच. तो यूसीएलएत, म्हणजे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकतो, बेसबॉलचं वेड आहे. मैदान विद्यापीठाचं म्हणायचं, पण आवारात नाही. ४०५ महामार्गाच्या पश्चिमेला, माजी सैनिकांच्या सरकारी खात्याच्या जमिनीवर आहे. वाटेत सैनिकांची दफनभूमी लागते. पांढऱ्या दगडांच्या रांगा गाडीतून संपता संपत नाहीत.

१९८१ साली सुरू झालेलं, १,८२० प्रेक्षकांचं स्टेडियम. अमेरिकेच्या मानाने लहानच. मला ते बरं वाटलं. चेंडू कॅचरच्या, म्हणजे फलंदाजामागे बसलेल्या खेळाडूच्या ग्लोव्हवर आपटतो तो आवाज वरच्या रांगेपर्यंत येतो, डगआउटमधली, म्हणजे संघाच्या बसायच्या जागेतली पोरांची आरडाओरडही कळते. भाचा फलंदाजीच्या सरावाची वेगळी इमारत अशा थाटात दाखवत होता, जणू त्यानेच बांधली.

प्रवेशाजवळ रॉबिन्सनचा पुतळा आहे. तिथे भाच्याने माहिती पुरवली, "मावशी, हा इथे बेसबॉलमध्ये सपशेल आपटला होता, माहितीये?" खरंच आहे ते. १९४० चा त्याचा यूसीएलएकडून एकमेव बेसबॉल हंगाम. पहिल्या सामन्यात चारपैकी चार हिट (चेंडू मारून सुखरूप बेस गाठणं), आणि हंगामाअखेर सरासरी ०.०९७. म्हणजे दहा वेळा बॅट घेऊन उभा राहिला तर जेमतेम एकदा हिट. अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉल त्याने गाजवलं, लांब उडीत त्याच वर्षी राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेता झाला. त्याला न जमलेला खेळ एकच, आणि नाव त्याच खेळाच्या मैदानाला! अर्थात सात वर्षांनी, १५ एप्रिल १९४७ ला, तो ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून उतरला आणि मेजर लीगमधली, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतली, कृष्णवर्णीय खेळाडूंवरची कित्येक दशकांची बंदी मोडली. पुढे सगळ्या मेजर लीगने त्याचा ४२ नंबर निवृत्त केला, म्हणजे तो नव्या कुणाला द्यायचा नाही असं ठरवलं.

मला मात्र मधली वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. रॉबिन्सन सैन्यात लेफ्टनंट होता. १९४४ मध्ये टेक्सासच्या कॅम्प हूड या लष्करी तळावर बसचालकाने त्याला, कृष्णवर्णीय म्हणून, मागे जाऊन बसायला सांगितलं, तो हलला नाही. कोर्टमार्शल, म्हणजे लष्करी खटला झाला, त्यातून निर्दोष सुटला. म्हणजे हा माणूस स्वतः माजी सैनिक. आणि त्याच्या नावाचं मैदान ज्या जमिनीवर आहे ती १८८८ साली अपंग सैनिकांच्या निवाऱ्यासाठी दान दिलेली. लॉस एंजेलिसमध्ये हजारो माजी सैनिक रस्त्यावर राहत आले आहेत. या जमिनीवर सैनिकांसाठी घरं हवीत म्हणून त्यांच्यातल्या काहींनी खटला भरला. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायाधीश डेव्हिड कार्टर यांनी विद्यापीठाचा भाडेकरार बेकायदा ठरवला आणि स्टेडियमला टाळं लागलं. अपिलात स्थगिती मिळाल्यावर संघ परतला, आणि पुढच्याच हंगामात ओमाहाच्या कॉलेज वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे महाविद्यालयीन बेसबॉलच्या राष्ट्रीय अंतिम टप्प्यापर्यंत पोचला.

आणखी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. जून २०२० मध्ये, पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा मृत्यू झाल्यानंतर, निदर्शनं करणाऱ्यांना पकडून पोलिसांनी याच स्टेडियमवर आणून ठेवलं होतं. आपल्या परवानगीशिवाय हे झालं, असं विद्यापीठाने नंतर सांगितलं. रॉबिन्सनच्या नावाखाली! जागा निवडणाऱ्याला पाटी वाचता येत नव्हती की काय.

परतताना गाडीत वाद झाला. भाचा म्हणाला, "खेळणाऱ्या पोरांचा यात काय दोष?" दोष काहीच नाही. पण दान कशासाठी दिलंय ते कागदावर स्पष्ट असताना पोरांचा निरागसपणा पुढे करून जमीन वापरत राहणं मला पटत नाही. मैदान राहू दे, पण आधी सैनिकांसाठी घरं बांधा, असं मी म्हटलं. त्यावर त्याने विचारलं, "आणि घरांसाठी मैदानच पाडावं लागलं तर?" मी म्हटलं, तर पाडा. तेव्हापासून तो माझ्याशी जरा तुटकच बोलतोय.