तुम्ही विचारलंत म्हणून: हा सिनेमा मुलांना दाखवू का?

शुक्रवारी नवा सिनेमा लागला की शनिवार उजाडेपर्यंत हा प्रश्न येतोच. "यूए आहे. मुलगी सहा वर्षांची आहे. घेऊन जाऊ?" विचारणाऱ्याला हो किंवा नाही एवढंच हवं असतं. पण ती मुलगी भुताला घाबरते की रक्ताला, घरात नुकतंच कुणी गेलंय का, मोठा आवाज झाला की ती कान झाकते का, यावर उत्तर ठरतं, आणि या गोष्टी तुमच्याइतक्या कुणालाच माहीत नसतात. सिनेमाची माहिती कुठून काढायची आणि ती आपल्या पोराला कशी लावून बघायची, तेवढं मात्र सांगता येईल.

आधी प्रमाणपत्र. १९८३ साली ते देणाऱ्या सरकारी मंडळाच्या नावातला 'सेन्सॉर' जाऊन 'प्रमाणन' आलं, तरी आपण सगळे अजून सेन्सॉर बोर्डच म्हणतो. 'यू' सगळ्यांसाठी आणि 'ए' फक्त १८ वर्षांपुढच्यांसाठी, हे माहीत असतंच. गोंधळ मधल्या 'यूए'चा. पूर्वी यूए एकच होतं आणि त्याचा अर्थ होता, १२ वर्षांखालच्या मुलांना दाखवायचं की नाही ते पालकांनी ठरवावं. २०२३ ची कायदादुरुस्ती आणि २०२४ चे नियम आल्यावर त्याचे तीन भाग झाले: यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. हा सल्ला आहे, बंदी नव्हे. 'ए'च्या सिनेमाला आईबाप बरोबर असले तरी मुलाला दारातून परत पाठवतात. यूए १६+ ला पाच वर्षांच्या मुलाचं तिकीट बिनबोभाट मिळतं. म्हणजे तिकीट मिळालं, याचा अर्थ सिनेमा चालेल असा कुणी लावू नये.

जुन्या सिनेमांच्या बाबतीत आणखी सांभाळा. नुसतं यूए लिहिलेल्या सिनेमात एखादी किरकोळ मारामारी असू शकते, नाहीतर भरपूर खूनखराबाही. ती तीन भागांची चाळणी त्यांना लागलेलीच नाही. ओटीटीवर वर्गवारी बोर्ड करत नाही. २०२१ च्या नियमांनुसार ती कंपनीच करते, पण तिथे एक सोय आहे. वर्गवारीबरोबर 'हिंसा, शिवीगाळ, अमली पदार्थ' असं कारणही द्यावं लागतं. थिएटरच्या प्रमाणपत्रावर वर्ग दिसतो, तो का दिला हे तिथे कळत नाही. मला विचाराल तर वर्गापेक्षा कारणच जास्त उपयोगाचं.

आणि प्रमाणपत्रात न मावणारी एक गोष्ट म्हणजे दुःख. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१४ साली एक अभ्यास आला होता. मुलांचे ४५ गाजलेले ॲनिमेशनपट आणि मोठ्यांचे ९० सिनेमे त्यात ताडून पाहिले होते. महत्त्वाचं पात्र मरण्याचा धोका मुलांच्या सिनेमांत मोठ्यांच्या सिनेमांच्या अडीच पट निघाला, आणि नायकाचे आईवडील मरण्याचा सुमारे पाचपट. म्हणून 'कार्टूनच तर आहे' हे वाक्य बाजूला ठेवा. रंगीत प्राण्यांच्या सिनेमात पहिल्या वीस मिनिटांत आई जाते आणि चार वर्षांचं मूल ते घरी घेऊन येतं.

आपल्याकडे याचंच दुसरं रूप दिसतं. मराठीत मुलांवरचे सिनेमे पुष्कळ झाले, पण मुलांवरचा सिनेमा मुलांसाठीचा असेलच असं नाही. २००४ चा 'श्वास' घ्या. त्यात शिव्या नाहीत, मारामारी नाही. पण नातवाला डोळ्यांचा कर्करोग आहे, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार आहे आणि ते त्याला कसं सांगायचं या पेचात आजोबा आहेत. बारा वर्षांच्या मुलाबरोबर तो जरूर बघावा. सहा वर्षांच्या मुलाला मात्र त्यातून एवढंच कळतं की दवाखान्यात नेतात आणि मग दिसायचं बंद होतं. पोस्टरवर शाळकरी पोर हसत असलं की आजी-आजोबा तिकिटं काढून मोकळे होतात. त्यांनाही हे आधी सांगून ठेवलेलं बरं.

आता वयाचं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या संशोधक जोआन कँटर यांनी मुलं पडद्यावर कशाला घाबरतात याचा बरीच वर्षं अभ्यास केला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला टीव्हीवर हल्कची मालिका लागायची. तिच्यातला हिरवा राक्षस संकटात सापडलेल्यांना मदत करतो, म्हणजे तो भलाच. तरी शाळेत न जाणारी लहान मुलं त्यालाच सगळ्यात जास्त घाबरायची, आणि तेही माणसाचा राक्षस होताना. कारण त्या वयात जे दिसतं तेच खरं असतं. चेहरा बदलला की माणूस बदलला. त्यामुळे तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी सिनेमा निवडताना खलनायक किती दुष्ट आहे ते विचारू नका. तो दिसतो कसा, कुणाचं रूप पालटतं का, एकदम दचकवणारा आवाज आहे का, मूल आईपासून तुटतं का, एवढं विचारा.

आठ-नऊच्या पुढे गणित उलटं होतं. राक्षस आता खोटा वाटतो, पण अपहरण, आग, अपघात, घरात शिरलेला चोर हे खरं वाटतं, कारण ते आपल्याही बाबतीत होऊ शकतं. 'सत्यघटनेवर आधारित' ही पाटी या वयात राक्षसापेक्षा जड जाते. परग्रहावरच्या लढाईत शेकडो माणसं मेली तरी पोर पॉपकॉर्न खात बसतं, आणि आपल्यासारख्याच फ्लॅटच्या दाराची कडी हळूच हलली की रात्री एकटं बाथरूमला जात नाही. तेराच्या पुढे काळजीची जागा पुन्हा बदलते. आत्महत्या आणि लैंगिक अत्याचार दाखवलेत का, यापेक्षा ते कसे दाखवलेत हे बघावं लागतं. आत्महत्येला सूड किंवा सुटका म्हणून मिरवलं असेल, तर प्रमाणपत्र काहीही असो, मुलाला एकट्याने बघू देऊ नका.

माहिती कुठे मिळते? ट्रेलरवर विसंबू नका. दोन-अडीच मिनिटांत विनोद आणि गाणी दाखवायची आणि उत्तरार्धातली रडारड लपवायची, हेच त्याचं काम. परीक्षणांतून सिनेमा चांगला की वाईट ते कळतं, तुमचा प्रश्न वेगळा आहे. आयएमडीबी या सिनेमांची माहिती देणाऱ्या साइटवर प्रत्येक सिनेमाखाली 'पेरेंट्स गाइड' असतं. लैंगिक दृश्यं, हिंसा, शिव्या, दारू-सिगारेट-अमली पदार्थ आणि भीतिदायक प्रसंग असे त्याचे पाच कप्पे. प्रेक्षकच ते भरतात, त्यामुळे शुक्रवारी ते बहुधा रिकामं असतं आणि सोमवारनंतर कामाचं होतं. प्राण्यांचे हाल बघून रडणाऱ्या मुलांसाठी 'डझ द डॉग डाय' ही साइट आहे. तिथे कुत्रा मरतो का, पालक मरतात का, अशा प्रश्नांची हो-नाही उत्तरं मिळतात.

एक मार्ग फारसा कुणाला माहीत नसतो. ब्रिटनचं चित्रपट वर्गीकरण मंडळ, म्हणजे बीबीएफसी, तिथल्या थिएटरांत लागणाऱ्या भारतीय सिनेमांचंही वर्गीकरण करतं आणि वर्ग का दिला ते साइटवर स्पष्ट लिहितं: गळा चिरल्याचं दृश्य आहे, पण जखम दिसत नाही, अशा तपशिलात. तिथे '१२ए' म्हणजे बाराखालच्या मुलाबरोबर मोठं माणूस हवंच आणि '१५' म्हणजे त्याखाली प्रवेशच नाही. लंडन-लेस्टरच्या मराठी आईबापांना हे रोजचंच, पण पुण्यात बसूनही वाचता येतं. फक्त दोन्हीकडची प्रत तंतोतंत एक असेलच असं नाही, इकडची किंवा तिकडची काटछाट वेगळी असू शकते.

सगळ्यात चांगली माहिती मात्र सिनेमा बघून आलेल्या ओळखीच्या माणसाकडे असते, नीट विचारली तर. "मुलांना चालेल ना?" या प्रश्नाला "हो, काही नाही तसं" हेच उत्तर येतं, कारण 'तसं' म्हणजे त्यांच्या मनात चुंबनदृश्य असतं. असं विचारा: कोण मरतं, आणि मरताना दिसतं का? लहान मूल किंवा प्राणी संकटात सापडतो का, सुटतो का? सलग भीतीचा सगळ्यात लांब तुकडा किती मिनिटांचा, आणि मध्ये हसू येतं का? शेवटी धोका संपतो की दुसऱ्या भागासाठी शिल्लक ठेवलाय? जाड, काळ्या, तोतऱ्या माणसावर किंवा साडी नेसलेल्या पुरुषावर विनोद आहेत का? हा शेवटचा प्रश्न कुणीच विचारत नाही आणि सोमवारी शाळेत नेमके तेच विनोद पोचतात.

सिनेमा ओटीटीवर असेल तर आधी स्वतः बघा. अडीच तास कुणाकडे नसतात, पाऊण तास पुरतो: पहिली दहा मिनिटं, मध्यंतराआधीची दहा आणि शेवटची पंचवीस. आपल्या सिनेमांत नायकाच्या बापाचा खून बहुधा सुरुवातीलाच होतो, मोठा धक्का मध्यंतराला येतो आणि रक्तपात शेवटी. उरलेल्या भागात दहा-दहा सेकंद पुढे ढकलत जा. मुलांचं वेगळं प्रोफाइल करा, मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावा आणि ट्रेलर आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. निवडलेला सिनेमा निर्धोक असतो आणि त्याच्या आधी तीन सेकंद वाजलेली भयपटाची झलक रात्री स्वप्नात येते, असं बरेचदा घडतं.

थिएटरात दोन गोष्टी नडतात. पहिली आवाज. थिएटरची ध्वनियंत्रणा ८५ डेसिबलच्या पातळीवर जुळवतात आणि एकेका स्पीकरातून स्फोटाच्या क्षणी १०५ पर्यंत जाण्याची मुभा असते. लहान मुलं पुष्कळदा दृश्यापेक्षा यालाच घाबरतात. भिंतीवरच्या स्पीकरांपासून दूरच्या, मागच्या ओळीतल्या, पण बाहेर पडायच्या वाटेजवळच्या खुर्च्या घ्या. लहान मुलांचे इअरमफ मिळतात, ते पिशवीत असू द्या. दुसरी गोष्ट तंबाखूची. सिनेमात तंबाखूचा वापर दाखवला असेल तर २०१२ च्या नियमांनुसार सुरुवातीला आणि मध्यात निदान ३० सेकंदांची आरोग्य-जाहिरात आणि २० सेकंदांची सूचना दाखवावी लागते. तोंडाच्या कर्करोगाची ती चित्रं अनेक मुलांना अख्ख्या सिनेमापेक्षा जास्त लक्षात राहतात. तोवर बाहेर पॉपकॉर्नच्या रांगेत उभे राहा, मध्यंतरानंतरही दोन मिनिटं उशिराच आत जा.

मे महिन्यात किंवा दिवाळीत सगळी चुलत-मावस भावंडं मिळून जातात तेव्हा सगळ्यात धाकट्याच्या वयाने निवडा, नाहीतर सरळ दोन गट करा. चौदा वर्षांचा दादा "त्यात काय घाबरायचं" म्हणतो आणि पाच वर्षांचं पोर भीती गिळून बसतं. ती मग रात्री दोन वाजता बाहेर येते.

सिनेमा चालू असताना मूल घाबरलं तर "हे खोटं असतं गं" म्हणून भागत नाही. कँटर यांच्या कामातून निघालेली ही गोष्ट आईबापांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे: समजावणं मोठ्या मुलांना लागू पडतं, लहानांना मांडी, आवडती गोधडी, तोंडात काहीतरी खाऊ. डोळ्यांवर हात ठेवणं अर्धाच उपाय, कारण आवाज चालूच असतो आणि न दिसलेलं चित्र मूल स्वतः काढतं, बहुधा जास्त भयानक. त्यापेक्षा उठून बाहेर पडा. मध्यंतराला निघायची तयारी घरूनच ठेवा आणि तिकिटाच्या पैशांचा विषय मुलासमोर काढू नका.

पण अर्ध्यातून उठलात तर एक काम उरतं. मुलाच्या डोक्यात तो राक्षस अजून जिवंत असतो, कारण त्याने त्याला हरताना पाहिलेलंच नाही. म्हणून घरी जाताना रिक्षातच पुढची गोष्ट सांगा: तो कसा पकडला गेला, हरवलेली ताई आईला कुठे भेटली. तुम्हालाही शेवट माहीत नसेल तर इंटरनेटवर कथानक शोधा, सिनेमा अगदी नवा असेल तर तो बघितलेल्या कुणाला तरी फोन लावा, आणि मूल झोपायच्या आत सांगा.