पियानोत बिघाड आहे म्हणून सांगा!

पियानो सुरात लावायचा हे माझं काम. पावसाळ्यात मुंबईत ते म्हणजे हवेशी भांडण. दिवसा एसी, रात्री बंद; तारांखालची लाकडी फळी, साउंडबोर्ड, फुगतो आणि मधल्या सप्तकांचे सूर चढून बसतात. एका क्लबच्या बेबी ग्रँडला, म्हणजे छोट्या आडव्या पियानोला, तर आणखी एक रोग निघाला. मधल्या सी सुराच्या खालची डीची पट्टी दाबली की वर येईना. पट्टीखालच्या पिनेभोवतीचं फेल्ट दमटपणाने फुगलेलं. अख्खी ॲक्शन, म्हणजे पट्ट्या-हातोड्यांची यंत्रणा, बाहेर ओढून ती एक पट्टी काढायची आणि फेल्ट पकडीने हलकेच दाबायचं. दाब जास्त झाला की पट्टी कायमची खुळखुळते. संयोजक घड्याळ बघत म्हणाले, "अहो, एका पट्टीसाठी एवढं? ती सोडून वाजवतील त्या."

ती सोडून! संध्याकाळी अमेरिकन गायिका-पियानिस्ट नीना सिमोनची गाणी होती. वाजवणाऱ्या बाईंनी पियानो तपासायला 'लव्ह मी ऑर लीव्ह मी'मधला सोलोच घेतला. गाणं 1928 चं, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या संगीतनाटकातलं. पण नीना मध्येच त्यातून थेट जुन्या जर्मन शास्त्रीय संगीतकार बाखच्या घरात शिरते. उजव्या हाताची ओळ निघते, डावा हात नुसता ठेका न धरता आपली स्वतंत्र ओळ घेऊन तिच्या मागे लागतो. अशा वेळी डावीकडचा डी अडकला तर सगळी वीणच उसवते.

कार्यक्रमात नेमक्या त्या सोलोला पुढच्या टेबलांवर हशा, ग्लास, फोन. बाई थांबल्या. हात मांडीवर. "तुमचं आटोपलं की सांगा," एवढंच म्हणाल्या.

संयोजक विंगेत धावत आले. "जा, माइकवर सांगा, पियानोत बिघाड झालाय." मी म्हटलं, पियानो ठणठणीत आहे, नाव माझं जाईल. आमच्याकडे पियानो हे फर्निचर आहे, बोलताना हात टेकायला बरं.

नीनाही अशी थांबायची, लोक तिला तऱ्हेवाईक म्हणायचे. पुढे आजारपणही होतं, पण सगळं त्याच्यावर ढकलता येत नाही. 1933 साली नॉर्थ कॅरोलायनातल्या ट्रायनमध्ये जन्मलेली ही कृष्णवर्णीय मुलगी, आई धर्मोपदेशक. चर्चमध्ये वाजवत वाढली, मग शिक्षिकेने बाखची गोडी लावली. लहानपणीच्या एका वादनाला आईवडिलांना पुढच्या रांगेतून उठवलं, तर ते परत पुढे बसेपर्यंत तिने वाजवलंच नाही. व्हायचं होतं शास्त्रीय पियानिस्ट. 1951 मध्ये फिलाडेल्फियाच्या कर्टिस संगीतसंस्थेने प्रवेश नाकारला, तो वर्णामुळेच असं ती शेवटपर्यंत मानत आली. 1954 मध्ये अटलांटिक सिटीच्या बारमध्ये वाजवायला लागली, तर मालक म्हणाला, गाणार असशील तरच काम. म्हणजे गायिका झाली ती पोटासाठी. आईला कळू नये म्हणून युनिस वेमनची नीना सिमोन झाली. दारूच्या ग्लासांपुढे बसूनही मैफिलीची शांतता मागणं हा माज कसा?

बाईंनी सोलो पहिल्यापासून घेतला. डी दगावला नाही.

माझा जुना जोडीदार म्हणतो, "आपण खुंट्या पिळणारी माणसं. दोन वाक्यं खोटं बोलला असतास तर बाईंचीच इभ्रत राहिली असती." इभ्रत बाईंची जात होती की पुढच्या टेबलांची, यावर आमचं अजून जुंपतं. क्लबने आता दुसऱ्या ट्यूनरला बोलावलंय म्हणे. त्या डीला तेल मारू नकोस, एवढा निरोप मी त्याला धाडलाय.