म्हापशातला झोरो
गोव्यात चार दिवस होतो. समुद्र झाला, मासे झाले, पणजीतल्या एकेरी रस्त्यांनी मला तीनदा त्याच चर्चच्या पांढऱ्या जिन्यासमोर आणून सोडलं. त्यावर सगळ्यांनी लिहून झालंय. मला लिहायचंय ते एका वीतभर बाहुल्याबद्दल. बाहुला म्हटलं की ईरा चिडते. फिगर म्हणायचं.

ईरा तेरा वर्षांची, 'वन पीस'ची भक्त. एइचिरो ओदाची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९९७ मध्ये सुरू झाली. मी तेव्हा बारावीत होतो, आणि ती अजून चालूच आहे. तिचा लाडका झोरो. तीन तलवारी घेऊन लढतो आणि सरळ रस्त्यावरही हरवतो. चर्च तिसऱ्यांदा दिसल्यावर मागच्या सीटवरून आवाज आला, "बाबा, तू झोरोच आहेस." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

कळंगुटच्या रस्त्यावर टॉवेल, टोप्या आणि बीअरवरच्या विनोदांचे टीशर्ट यांच्यामध्ये एका दुकानात फिगर मांडलेल्या होत्या. ईराने झोरोचा खोका उचलला आणि आधी उलटा केला. माझी आई वांगं घेताना देठ बघते, अगदी तसं.

"हे बघ, © च्या पुढे ओदाचं नाव, प्रकाशक शुएइशा, कार्टून बनवणारी तोएई अ‍ॅनिमेशन असं जपानीत बारीक छापलेलं असतं. इथे नुसतंच मेड इन चायना."

"चायना म्हणजे नकलीच की," मी अक्कल पाजळली.

"नाही रे. खऱ्यासुद्धा बऱ्याचशा चीनमध्येच बनतात. त्यावरून काही कळत नाही."

मग तिने खोक्याच्या फटीला नाक लावलं. उग्र वास. केसांवरून साच्याची शिवण सरळ खाली आलेली. चेहरा तेल लावल्यासारखा चकचकीत, खऱ्याचा म्हणे असा नसतो. जपानी कंपन्यांच्या फिगरवर तोएईचा चमकता स्टिकर असतो, तो इथे नव्हताच. मी दुकानदाराला विचारलं, ओरिजिनल आहे का? "फर्स्ट कॉपी है साहब. ओरिजिनल यहाँ कौन लेगा?" मला तो माणूस आवडला. बाराशेवरून तो एका मिनिटात पाचशेवर आला, तेव्हा ईरा कानाशी पुटपुटली, "खऱ्याची किंमत अशी घसरते का?" आणि खोका परत ठेवला.

हवी असलेली वस्तू पोरीने स्वतःच्या हाताने परत ठेवावी, हे मला दिवसभर टोचत राहिलं.

शुक्रवारी म्हापशाचा बाजार. गर्दी इतकी की मोयऱ्याची केळी बघायला थांबलो तर मागच्याने मला उचलूनच पुढे नेलं. बायको आणि ईरा मिरच्यांच्या ओळीत शिरल्या, मी काजूला गेलो. गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तरी बाहेरचा काजू त्याच नावाखाली खपवतात. मी दाणा फोडून, चावून घेतो. मला कोणी फसवू शकत नाही, ह्याच तोऱ्यात शेजारच्या खेळण्यांच्या दुकानात घुसलो. समोर झोरो. खोक्यावर चंदेरी स्टिकर.

"हें पळयात, लेबल! ओरिजिनल मरे!"

© शोधलं, होतं. पुढे जपानी अक्षरं होती. ती खोकल्याच्या औषधाची असती तरी मला काय कळणार होतं? दुकानदार बावीसशे म्हणाला आणि एक रुपया कमी करेना. खऱ्याची किंमत घसरत नाही, हा कालचा धडा आठवला आणि मी निर्धास्त झालो.

रात्री मुक्कामी खोका दिला. ईराने स्टिकरवरून अंगठा फिरवला, ट्यूबलाइटखाली खोका जरा तिरका केला. क्षणभर थांबली. "थँक यू, बाबा!" मग गळ्यात पडली. तलवारीची मूठ झोरोच्या मुठीत बसेना. तिने हळूहळू दाबून बसवली, तिथलं प्लास्टिक पांढरं पडलं.

"खरा आहे ना गं?" बायकोने विचारलं.

"हो."

पाणी प्यायला उठलो तेव्हा झोरो खिडकीच्या कट्ट्यावर होता, उजवा गाल भिंतीला चिकटवून. कौतुकाने हातात घेतला. येताना आंबोली घाटात ईराने तासभर झोरोपुराण लावलं होतं, त्यामुळे मला एवढं पाठ झालं होतं: डाव्या कानात तीन डूल, आणि गोष्टीत मध्ये दोन वर्षं उलटतात, त्यानंतर डाव्या डोळ्यावर व्रण, तो डोळा कायम मिटलेला. ह्याचा व्रण उजव्या डोळ्यावर होता. डावा टक्क उघडा.

पुन्हा होता तसा ठेवला. त्या बाजूने व्रण दिसतच नव्हता. जखम होण्याआधीचा झोरो वाटत होता.

सकाळी म्हापशाला जाऊन त्या दुकानदाराची गचांडी धरावी असं फार वाटलं. पण मग मला कळलंय, हे ईराला कळलं असतं. घरमालकीण काकूंनी गरम पोय, म्हणजे गोव्याचे पाव, आणून दिले, ते खाल्ले आणि गप्प निघालो.

गाडीत ईराने झोरोला डॅशबोर्डवर टेपने चिकटवलं, तोंड आमच्याकडे, डावा गाल माझ्या बाजूला. मग पुढे वाकून त्याला अजून थोडा वळवला.

"त्याला ऊन लागतंय," म्हणाली.

"बरं," मी म्हटलं, आणि बांद्याला सावंतवाडीचं वळण चुकलो.