काश्मीरच्या मुघल बागा: पाणी आणि ऊन बघून आखलेली फेरी

श्रीनगरच्या बागा बहुतेक मंडळी अर्ध्या दिवसाच्या टॅक्सीत उरकतात. चार बागा, प्रत्येकीला अर्धा-पाऊण तास, फुलांच्या वाफ्यासमोर फोटो, की पुढे. फुलं छानच असतात, पण हे वाफे आणि ऐसपैस हिरवळ बरीच नंतरची भर आहे. सतराव्या शतकात या बागा उभ्या राहिल्या त्या डोंगरातून येणारं पाणी खेळवायला. म्हणून आम्ही क्रम लावला तो पाणी आणि ऊन बघून, आणि एका दिवसात दोनच बागा घेतल्या.

आधी उन्हाचं गणित. दल सरोवराच्या पूर्वेला झबरवानचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी या बागा, तोंड सरोवराकडे. सकाळी सूर्य डोंगरामागून येतो. प्रवेशद्वारातून वर बघितलं तर बाग सावलीत आणि आकाश पांढरं, फोटो हमखास फसतो. त्या वेळी थेट सगळ्यात वर चढावं आणि तिथून सरोवराकडे बघावं, ऊन पाठीशी राहतं. दुपारी तीन-साडेतीननंतर उलट: पश्चिमेचं ऊन पायऱ्या-पायऱ्यांच्या बागेवर आणि मागच्या डोंगरावर पडतं, तेव्हा खालून वर बघण्यात मजा.

शालिमार लाल चौकापासून साधारण 15 किलोमीटर. जहांगीरनं 1619 मध्ये ती बांधायला घेतली, वरचा भाग शाहजहानच्या काळात वाढला. मूळची वाट सरोवरातून होती: दलमधून मैलभर लांबीच्या कालव्यानं नाव बागेपाशी यायची. आता रस्त्यानं थेट दाराशी उतरतो आणि त्या कालव्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. आत जाण्याआधी पाठीमागे वळून तो बघून घ्या, म्हणजे बागेचा मधला पाट कुठल्या रेषेत चाललाय ते लगेच कळतं.

आत तीन टप्पे. खाली आम लोकांसाठी दिवाण-ए-आम, मध्ये खास लोकांसाठी दिवाण-ए-खास, सगळ्यात वर जनाना, म्हणजे राजघराण्यातल्या स्त्रियांची बाग. खालच्या बारादरीत, म्हणजे खांबांच्या खुल्या मंडपात, पाटाच्या वरच काळ्या दगडाचं आसन आहे, पाणी त्याच्या खालून जातं. सर्वात वरची काळ्या संगमरवराची बारादरी शाहजहानची, चारी बाजूंनी हौद. तिथे जाण्याच्या घाईत एक गोष्ट हमखास सुटते. पाणी जिथे वरच्या टप्प्यावरून खाली पडतं, तिथे पाण्याच्या पडद्यामागच्या भिंतीत छोट्या कोनाड्यांच्या रांगा आहेत, त्यांना चिनीखाना म्हणतात. दिवसा त्यांत फुलं ठेवायचे, रात्री दिवे. हे कोनाडे समोरून उभं राहून दिसत नाहीत, जरा बाजूला सरकून तिरकं बघावं लागतं. पाणी कमी असलं तर उलट जास्त स्पष्ट दिसतात.

पाणी हारवनच्या बाजूनं, वरच्या नाल्यातून येतं. मूळ रचनेत पंप नाही. वरच्या टप्प्यावरचं पाणी नळीतून खालच्या टप्प्यावर आणलं की उंचीच्या फरकानं कारंजं उसळतं. औरंगाबादच्या पाणचक्कीचे खापरी नळ ज्यांनी बघितलेत त्यांना हे चटकन उमगेल. त्यामुळे वरून येणारं पाणी घटलं की आधी कारंजी मान टाकतात, पाट मात्र संथ वाहत राहतो. बर्फ वितळत असतं तेव्हा, म्हणजे एप्रिल अखेर ते जून, पाण्याचा जोर चांगला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाणी मंदावतं, पण चिनार लाल होतात. दोन्ही एकदम हवं असेल तर ते जमत नाही, आधी काय बघायचंय ते ठरवा.

चढ सौम्य असल्यानं ज्येष्ठांसाठी शालिमार सगळ्यात सोयीची.

निशातचं तसं नाही. नूरजहानचा भाऊ आसफ खान यानं 1633 च्या सुमारास बांधलेली ही बाग बारा टप्प्यांची, जिने उभे आणि दगड शेवाळामुळे निसरडे. रबरी तळव्याचे बूट घाला. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी पहिल्या तीन-चार टप्प्यांवर थांबलं तरी चालतं. पण जमत असेल तर शेवटपर्यंत चढा, कारण जनान्याच्या टप्प्याची उंच भिंत आणि तिथून दिसणारं सरोवर, पलीकडचा हरी पर्वत हेच या बागेचं खरं वैभव. शालिमारला दरबार भरायचा म्हणून तिथे दिवाण-ए-आम आणि दिवाण-ए-खास आहेत. निशात एका सरदाराची खासगी बाग, दरबाराची गरजच नव्हती. त्यामुळे इथे उतारावरून धावणाऱ्या पाण्याला मोकळं रान मिळालं. दोन टप्प्यांमधल्या उतरत्या दगडावर खवल्यांसारखं कोरीव काम केलेलं आहे, त्यावर आपटून पाणी पांढरं होतं आणि आवाज करतं. गुळगुळीत दगडावर ते नुसतंच घसरलं असतं. आमच्या मते चारांत हीच पहिली. रविवार टाळा, स्थानिक कुटुंबं डबे घेऊन येतात आणि हिरवळीवर पाय ठेवायला जागा उरत नाही.

चष्मेशाही (1632) लहानशी, अर्ध्या तासात होते. झऱ्याच्या पाण्यासाठी रिकामी बाटली न्या. तिथून दोनेक किलोमीटर वर परीमहल, शाहजहानचा मुलगा दारा शुकोह याच्याशी जोडलेली जागा. इथे पाण्याचे पडदे नाहीत, पाणी जमिनीखालच्या नळांतून फिरवलेलं होतं. सूर्यास्ताआधी तासभर पोचलं की पुरे. या रस्त्यावर सुरक्षा तपासणी असते, प्रत्येकाचं ओळखपत्र जवळ हवं.

टॅक्सी ठरवताना फक्त बागांची नावं सांगू नका, थांबण्याचे तासही बोलून घ्या, सगळी कुरबुर तिथेच होते. डलगेटहून निशात-शालिमारच्या बाजूला बस आणि मिनीबस जातात. शिकारा म्हणजे दलमधल्या नावेनं निशातला जायचं तर तासाहून जास्त वेळ धरा आणि नावेत चढण्याआधीच भाव ठरवा. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं. नकाशा आधीच उतरवून ठेवा.

वेळ असेल तर दक्षिणेला एक पूर्ण दिवस द्या. झेलमचा उगम मानला जाणारा वेरीनागचा अष्टकोनी कुंड जहांगीरनं 1620 मध्ये बांधून घेतला, भोवती कमानी, दोन फारसी शिलालेख, तळाशी निळंगार पाणी. श्रीनगरहून साधारण 80 किलोमीटर. जम्मूहून रस्त्यानं येत असाल तर काझीगुंडपाशी वळून वाटेतच करा, उलटा फेरा वाचतो. अच्छबल अनंतनागच्या जवळ, नूरजहानची बाग, पाण्याला जोर भरपूर. 2025 मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर या भागातल्या बागा काही काळ बंद ठेवल्या होत्या, तेव्हा गाडीचे पैसे देण्याआधी आदल्या दिवशी हॉटेलात किंवा पर्यटन कार्यालयात विचारून घ्या.