ओघळ

रविवारी जेवण झाल्यावर गाडीत राहिलेला चष्मा आणायला खाली उतरलो. ऊन कलतं होऊन नेमकं डाव्या दारावर पडलं होतं, आणि हँडलच्या खाली तो दिसला. ओघळ. देव्हाऱ्यातल्या निरांजनाचं तूप सांडून थिजावं तसा, दोन बोटं लांब. सकाळी दिसत नाही, संध्याकाळी दिसत नाही. दुपारी तीनला मात्र लपत नाही.

दार मीच रंगवलेलं, रंगावर चकाकीसाठी क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक लॅकरचा, थरही मीच मारलेला. त्याआधी फाटकाला घासलं तेही मीच, त्यामुळे तक्रार कुणाकडे करायची हा प्रश्नच नाही. सातपूरच्या रंगाच्या दुकानातल्या भाऊने बजावलं होतं, "हार्डनरवालं क्लिअर टिकतं जास्त, पण ते घरी नका मारू, छातीला वाईट. डबावालं, स्प्रेचं न्या. आणि थंडीत घाई नको." मी डबा नेला आणि घाई केली. डिसेंबरातली सकाळ, निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर, आणि मी पार्किंगमध्ये तोंडाला मास्क लावून. गारठ्यात क्लिअर लवकर उडत नाही, ओलंच राहतं. पहिला हात कोरडा दिसला, दुसरा बरा वाटला, मग तिसरा जरा सढळ मारला. झालं.

निफाडवरून आठवलं. तिथे मामाची द्राक्षबाग. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. काढणी चालू होती, क्रेटमध्ये कागद अंथरून घड रचले जात होते. मला ते मणी धुरकट वाटले, पावडर उडाल्यासारखे. मदत म्हणून मी एक अख्खा घड सदऱ्याच्या टोकाने पुसून काढला. एकेक मणी. काचेच्या गोट्यांसारखे लकाकायला लागले. मोठ्या अभिमानाने मामाला दाखवले. मामा काही बोलला नाही. घड देठाला धरून उचलला, उलटसुलट पाहिला, आणि बाजूच्या घमेल्यात टाकला. "हा आता घरी खायचा." ती धुरकट झाक द्राक्षाचं स्वतःचं मेण असतं, ती गेली की माल हाताळलेला दिसतो, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. घड गोड होता, एवढं आठवतं.

तर ओघळ. तीन आठवडे थांबलो. रोज कोपऱ्यात नख रुतवून बघायचो, वळ उठायचा. वळ उठायचा थांबला तेव्हा बसलो. ओघळाच्या दोन्ही अंगांना चिकटपट्टी, खोडरबराला गुंडाळलेला 1500 चा वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा पॉलिशपेपर, मगात पाणी आणि शाम्पूचा थेंब. रबर एवढ्यासाठी, की नुसती बोटं ओघळाबरोबर आजूबाजूचंही खातात. उंचवटा बसला की पट्टी काढायची, मग त्याहून बारीक 2000, मग 3000. मधे मधे पुसून वाळवून बघायचं: मंद झालेला भाग उंच, अजून लकाकतोय तो खळगा. चकाकणारं ते कमी पडलेलं! दार पूर्ण मंद दिसायला लागलं की पोटात गोळा येतो. बायको वरून बघून म्हणाली, "आधी बरं होतं की." पण कंपाउंड, म्हणजे चकाकी आणणारी पेस्ट, लावून फडकं फिरवलं आणि त्या राखाडी धुक्यातून समोरच्या बिल्डिंगची खिडकी दारात उमटली, गजांसकट. ओघळ कुठे होता ते मलाही सापडेना.

इथे उठायला हवं होतं.

पण शेजारी पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसत होता. तिथे थोडं. मग त्याच्या खाली थोडं. माझा हा जुना रोग. भिंतीवरचा पोपडा असो, दुधावरची साय असो, हात जातोच. कंपनीचं क्लिअरसुद्धा पन्नास मायक्रॉनच्या आसपास, डोक्याच्या केसाहून बारीक. माझ्या डब्यातलं किती बसलं असेल देव जाणे. आणि दाराला जिथे धार येते तिथे तर ते सर्वांत पातळ. पेपरखालून निघणारं पाणी दुधासारखं पांढरं असलं तर क्लिअरच निघतंय, काळजी नाही. माझी गाडी लाल. पाणी पांढरं होतं, पांढरं होतं, आणि मग गुलाबी झालं.

मामाने घमेल्यात टाकलेला घड आठवला, खोटं कशाला सांगू. पण तो खाता तरी आला होता.

धारेवर आता नखाएवढा ठिपका आहे, कुंकू पुसल्यासारखा. खालचा रंग मुळात मंदच असतो, सगळा थाट वरच्या काचेचा. तीन वाजता तोही दिसतो. डब्यात थोडं क्लिअर उरलंय. हलवला की आतली गोळी वाजते. मधूनमधून हलवून बघतो.