कानातला रातकिडा आणि मोफत तपासणी

आधीच सांगून टाकतो, कारण मला हे कुणी सांगितलं असतं तर दीड महिना वाचला असता. कानात सतत आवाज येत असेल तर ऑडिओमेट्रीला, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीला, बसताना म्हणायचं, ‘बीप तुटक लावा.’

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, 31 वर्षं पॉवर प्रेसच्या धडधडाटाशेजारी काढली. निवृत्तीनंतर दांडिया बाजारातल्या घरी निवांत बसलो तेव्हा कळलं, दोन्ही कानांत रातकिडा बसलाय. सीं... अखंड. ईएनटी डॉक्टर म्हणाले, टिनिटस आहे, म्हणजे बाहेर काही नसताना कानात आवाज, ऐकूही कमी येतंय, ऐकायचं मशीन लावून बघा. इथवर दोन दिवसांत झालं. (आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल तर आधी डॉक्टरच गाठा.)

मग मी मशीनच्या एका दुकानावरच्या ‘मोफत तपासणी’च्या पाटीला भुललो. साउंडप्रूफ खोलीचं दार लागलं, बाहेरच्या रिक्षा गप्प झाल्या आणि एका रातकिड्याचे शंभर झाले. काचेपलीकडून मुलगी म्हणाली, ‘‘काका, संभळाय त्यारे बटन दबावजो,’’ म्हणजे ऐकू आलं की बटन दाबा. जाडे आवाज सोपे गेले. बारीक सुरू झाले, 4000 हर्ट्झच्या आसपासचे, आणि पंचाईत झाली. तिचा आवाज आणि माझा रातकिडा एकाच सुरातले! वाजवतंय कोण, ती की माझं डोकं? मी दाबलं, तर ती काच ठोठावून म्हणते, अजून काही वाजवलंच नाही. कॉपी करताना पकडल्यासारखं झालं. पुढे मी अंदाजाने बटन दाबत गेलो, तिने अंदाजाने ठिपके मांडले, आणि त्या कागदावर माझं मशीन सेट झालं. एका कानाला आवाज जास्त, दुसऱ्याला कमी. हिने ओट्यावर वाटी ठेवली तरी डोक्यात घण, रातकिडा जिथल्या तिथे. चार फेऱ्या मारल्या. दर वेळी एकच उत्तर, ‘‘सवय होईल, काका.’’ सवयीला काही आठवडे लागतात हे कबूल, पण दुसऱ्याच्या मापाच्या चपलेची सवय कशी व्हायची?

शेवटी अलकापुरीत दुसऱ्या ऑडिओलॉजिस्टबाईंकडे गेलो. त्यांचा पहिलाच प्रश्न, ‘‘कानात आवाज येतो का?’’ मग बीप-बीप-बीप असा तुटक आवाज लावला. रातकिडा अखंड, बीप तुटक. फरक क्षणात कळला. आलेखाला 4000 वर सरळ खड्डा, म्हणजे नेमकं तिथेच ऐकू कमी! मशीन तेच ठेवलं, सेटिंग नवं केलं. कानात बारीक नळी घालून पडद्याजवळ आवाज किती पोचतो तेही मोजलं. हे मागून करून घ्या. त्या म्हणाल्या, ‘‘बारीक आवाज पोचेनासे झाले की मेंदू स्वतःचाच व्हॉल्यूम वाढवतो. बाहेरचे आवाज परत आले की हा कानातला आवाज मागे सरतो. जाईलच असं नाही.’’

तिसऱ्या संध्याकाळी लिलो चेवड्याची (आमच्याकडचा ओलसर चिवडा) पिशवी उघडली आणि उघड-बंद करतच बसलो. ही ओरडली, ‘‘अहो, किती चुरगाळताय ती!’’ इतक्या वर्षांत ती चुरचुर मला ऐकूच आली नव्हती. रातकिडा तेव्हा कुठे होता, ते आठवत नाही.

रात्री मशीन काढलं की तो परततो, म्हणून पंखा एकवर चालू ठेवतो. हो, बॅटरीचं राहिलंच. 312 नंबरच्या सेलचं तपकिरी स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या, मग बसवा. स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही, मी करून पाहिलंय. पावसाळ्यात मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा. आणि बिलात जीएसटी लावलाय का बघा, श्रवणयंत्राला तो माफ आहे.

परवा त्या पहिल्या दुकानावरून गेलो. ‘मोफत तपासणी’ची पाटी आता दिव्यांची केलीय.